लिनक्स लॅपटॉपवर प्रोसेसरची पॉवर सेटिंग: गव्हर्नर, ईपीपी, टीएलपी... नक्की कोण काय करतं?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. उबुंटू २४.०४ आहे, प्रोसेसर आय-फाइव्ह ८२५०यू म्हणजे आठव्या पिढीचा, सोबत एनव्हिडियाचं छोटं एमएक्स१५० कार्ड, बॅटरी नवीन टाकलीय ती ४८ वॅट-अवरची. तरी चार तासांच्या वर जात नाही. बॅटरी वाचवायला टीएलपी नावाचा प्रोग्राम टाकलाय, त्यानंतर एका व्हिडिओत बघून त्याच कामाचं ऑटो-सीपीयूफ्रेक पण टाकलं. तीन गोष्टी कळत नाहीयेत.
एक, माझ्या जुन्या लॅपटॉपवर गव्हर्नरच्या, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड ठरवायच्या पद्धतींच्या यादीत ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह वगैरे पाचसहा नावं यायची, इथे फक्त परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह एवढी दोनच आहेत. पॉवरसेव्ह ठेवलं तर मशीन कायम सगळ्यात कमी स्पीडला अडकणार ना? मग मधला पर्याय कुठे गेला?
दोन, ईपीपी नावाच्या फाइलमध्ये बॅलन्स-पॉवर लिहायला गेले तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' अशी एरर येते, रूट म्हणजे ॲडमिन असूनसुद्धा.
आणि तिसरी म्हणजे नुसतं डेस्कटॉप उघडं ठेवून काहीही न करता बसलं तरी वीज मोजणारं पॉवरटॉप अकरा-बारा वॅट दाखवतं. काही चाललेलंच नाही तर बारा वॅट खातंय कोण?

बिनतारी
प्रश्न तिन्ही छान मांडलेत आणि आकडे पण दिलेत, त्यामुळे अंदाजाने बोलायला नको. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दोनच गव्हर्नर दिसतात कारण तुमच्याकडे इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर चालतोय. जुन्या मशीनवर एसीपीआय-सीपीयूफ्रेक असणार. तिथे किती मेगाहर्ट्झवर पळायचं हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवायचं आणि ते कसं ठरवायचं ती पद्धत म्हणजे गव्हर्नर, ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह, नंतर कर्नल ४.७ पासून स्केडयुटिल. इंटेल-पीस्टेट आला २०१३ मध्ये कर्नल ३.९ बरोबर, आणि २०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलने स्पीड ठरवायचं काम चिपच्या आतच नेलं, त्याला बाजारात स्पीड शिफ्ट म्हणतात आणि कर्नलवाले एचडब्ल्यूपी म्हणतात. आता चिप स्वतःच्या स्वतः स्पीड वरखाली करते, कर्नलने विचारायची वाट बघत नाही, त्यामुळे कर्नलकडे उरलं काय तर फक्त कल सांगणं, की बाई तू जोराकडे झुक किंवा बचतीकडे झुक. तो कल म्हणजे ईपीपी. परफॉर्मन्स, बॅलन्स-परफॉर्मन्स, बॅलन्स-पॉवर, पॉवर हे त्याचे शब्द, शिवाय डिफॉल्ट आहेच, आणि आत चिपला जातो तो ० ते २५५ मधला एक आकडा, ० म्हणजे पूर्ण जोर.

म्हणून इथला पॉवरसेव्ह आणि जुन्या ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाव तेवढं एक. जुना खरोखरच सगळ्यात खालच्या स्पीडला खिळा ठोकून बसायचा. इथे पॉवरसेव्ह ठेवलंत तरी काम आलं की तुमचा ८२५०यू टर्बोत, म्हणजे थोड्या वेळापुरत्या जादा स्पीडने, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारच. अगदी निर्धास्तपणे ठेवा. ह्या एका नावामुळे कित्येक लोक वर्षानुवर्षं परफॉर्मन्स लावून फिरतात आणि बॅटरीला शिव्या देतात, मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

आता एरर. गव्हर्नर परफॉर्मन्स असेल तर ड्रायव्हर ईपीपी परफॉर्मन्सलाच बांधून ठेवतो, दुसरं काही लिहू देत नाही आणि तेव्हा हीच बिझीची एरर येते. आधी गव्हर्नर पॉवरसेव्ह करा, मग ईपीपी लिहा, गप लिहिलं जाईल. तुम्ही हे करून बघितलंत तेव्हा चार्जर लावलेला होता का?

रानपाखरू
हो, चार्जर लावलेलाच होता! पण मी तर परफॉर्मन्स कधीच सेट केलं नव्हतं.

बिनतारी
ते ऑटो-सीपीयूफ्रेकने केलं. चार्जर असला की त्याचं डिफॉल्ट परफॉर्मन्स गव्हर्नर आहे. आणि दोघांच्या कामाची पद्धत बघा: टीएलपी सतत चालणारा प्रोग्राम नाहीये, बूट होताना, चार्जर लावता-काढताना, झोपेतून उठताना एकदा सेटिंग लिहितो आणि बाजूला होतो. ऑटो-सीपीयूफ्रेक मात्र डेमन आहे, म्हणजे मागे कायम चालू राहणारा, दर काही सेकंदांनी लोड बघून गव्हर्नर आणि टर्बो परत परत लिहीत बसतो. म्हणजे टीएलपीच्या फाइलमध्ये तुम्ही काहीही लिहा, प्रोसेसरपुरतं शेवटचं अक्षर दुसऱ्याचंच राहणार. दोन्हींपैकी एक ठेवा. कुठलं ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर, पण एकच.

शाळामास्तर
मी जरा वेगळं म्हणतो. दोन्ही काढा. उबुंटूबरोबर पॉवर-प्रोफाइल्स-डेमन येतोच, वरच्या कोपऱ्यातल्या मेनूत पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स अशी तीन बटणं, एक दाबलं की ईपीपी बदलतो आणि कंपनीच्या फर्मवेअरमध्ये प्लॅटफॉर्म प्रोफाइल असेल तर ती पण, म्हणजे पंख्याची आणि उष्णतेची मर्यादासुद्धा त्याबरोबर जाते. मी शाळेतल्या शिक्षकांचे लॅपटॉप बघतो, त्यांना टर्मिनल उघडायला सांगणं म्हणजे त्यांचा वेळ घालवणं. माणसाला काम करायचंय, मशीनची निगा हा त्याचा विषय नाही. जे वितरणाबरोबर येतं आणि अपडेटबरोबर टिकतं तेच चांगलं.

बिनतारी
मास्तर, शिक्षकांच्या लॅपटॉपसाठी १०० टक्के सहमत. फक्त एवढंच म्हणेन की तो प्रोसेसरचा कल बदलतो, बाकीच्या मशीनकडे फारसं बघत नाही. साटा डिस्कची लिंक झोपवणं, यूएसबी, पीसीआय उपकरणं, वायफाय, बॅटरी ८० टक्क्यांना चार्जिंग थांबवणं हे टीएलपी एका फाइलमधून करतो. जुन्या इंटेल मशीनवर नुसत्या साटा लिंकच्या सेटिंगने एक-दीड वॅट वाचतो, आणि जिथे एकूणच सहा-सात वॅटचा कारभार आहे तिथे दीड वॅट ही लहान गोष्ट नाही. हे दोघंही एकमेकांबरोबर लावायचे नाहीत, ते वेगळं.
आणि फेडोरावाल्यांसाठी: फेडोरा ४१ पासून त्या तीन बटणांच्या मागे टून्ड नावाचा दुसरा डेमन बसवलाय, बटणं तीच.

शाळामास्तर
साटाचं मान्य. आमच्याकडे अजून साटा एसएसडीवाली बरीच मशीन आहेत, तिथे करून बघतो. पण ते सुद्धा मी एकदा लावून विसरून जाणार, शिक्षकांच्या हातात बटणंच राहतील.

वऱ्हाडी_पेंग्विन
चांगला धागा, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न उन्हाळ्याचा. अकोल्यात मे मध्ये पारा ४४-४५ ला असतो, कूलर समोर असला तरी लॅपटॉप नुसता तापून राहतो, पंखा बंद होण्याचं नाव नाही, आणि ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की खालून चटका. मांडीवर घ्यायची सोयच नाही. माझाही आठव्या पिढीचाच आय-फाइव्ह आहे. टर्बो बंद करू का? लोक म्हणतात की पटकन काम संपवून झोपलेला प्रोसेसर कमी वीज खातो, म्हणून टर्बो चालू ठेवा.

बिनतारी
लोक म्हणतात ते अर्धं खरं आहे. काम लवकर संपवून झोपणं चांगलं, कारण जागं राहण्याचाच एक खर्च असतो, मेमरी, कॅश, सगळं चालू राहतं. पण स्पीड वाढवायला व्होल्टेज पण वाढवावं लागतं आणि वीज जाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबात गुणिले स्पीड. म्हणजे १.६ वरून २.२ ला जाताना हिशोब बरा असतो, ३ च्या पुढे गेलात की प्रत्येक कामामागे लागणारी वीजच वाढत जाते, आणि तीच वीज उष्णता होऊन तुमच्या मांडीवर येते. तेव्हा वऱ्हाडातल्या मे महिन्यात टर्बो बंद करणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. इंटेल-पीस्टेटच्या फोल्डरमध्ये नो-टर्बो नावाची फाइल आहे, तिच्यात १ लिहायचं. टीएलपीमध्ये सीपीयू बूस्ट ऑन एसी एक आणि ऑन बॅट शून्य केलं की बॅटरीवर आपोआप बंद, चार्जरवर चालू.

पण टर्बो पूर्ण बंद केला की ८२५०यू १.६ च्या वर जात नाही आणि मोठं पान उघडताना ते जाणवतं. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त आवडतो, आरएपीएलची मर्यादा. चिपला थेट वॅट सांगायचे. पॉवरकॅप फोल्डरमध्ये पहिली मर्यादा असते ती लांब पल्ल्याची, दुसरी थोड्या वेळापुरत्या उसळीची. आकडा मायक्रोवॅटमध्ये, तेव्हा १० वॅट म्हणजे १ वर सात शून्यं. तुमच्या चिपची ठरलेली मर्यादा १५ वॅट आहे, ती १० केली तर थोडा वेळ टर्बो मिळतो, पान झटकन उघडतं, पण सतत लोड आला की चिप १० वॅटमध्ये बसते आणि पंखा शांत राहतो. काही लॅपटॉपवर फर्मवेअर हा आकडा परत स्वतःचा लिहून टाकतं, म्हणून लिहिल्यावर पाचदहा मिनिटांनी फाइल पुन्हा वाचून बघा.

आणि पंख्याच्या जाळीतली धूळ काढा, आधी ती.

वऱ्हाडी_पेंग्विन
१० वॅट लिहिलं, टिकून आहे. टर्बोस्टॅट नावाच्या मोजणाऱ्या कमांडमध्ये पॅकेजचे, म्हणजे पूर्ण चिपचे, वॅट बरोबर दहाच्या आसपास थांबतात अन् तापमान आधी नव्वदच्या घरात जायचं ते सत्तरच्या आत आहे. कामात काही फरक जाणवून नाही राहिला. लई उपकार झाले बिनतारी काका, ह्याचं सिस्टिमडी युनिट करून ठेवतो, म्हणजे दर बूटला आपोआप लिहिलं जाईल.

रानपाखरू
माझ्याकडचा रिपोर्ट. ऑटो-सीपीयूफ्रेक काढलं, टीएलपी ठेवलं, रीबूट केलं. बॅटरीवर गव्हर्नर पॉवरसेव्ह, ईपीपी बॅलन्स-पॉवर, एरर गेली. पण नुसतं बसून बघितलं तर वॅट तेवढेच! अकराच्या खाली येतच नाहीत. म्हणजे एवढं सगळं करून काही फायदा नाही का?

बिनतारी
फायदा आहे पण तो काम करताना दिसेल. रिकाम्या बसलेल्या मशीनवर स्पीडचा प्रश्नच येत नाही, कारण तेव्हा प्रोसेसर पळत नसतो, झोपलेला असायला हवा. गव्हर्नर आणि ईपीपी हे जागेपणीचे नियम आहेत. लॅपटॉपवर तुम्ही वाचताय, विचार करताय, टाइप करताय, त्या वेळातला बहुतेक भाग प्रोसेसर रिकामाच असतो, तेव्हा बॅटरी टिकते ती झोप किती खोल लागते त्यावर. ह्याकडे लोक बघतच नाहीत आणि सगळे मेगाहर्ट्झच्या मागे लागतात.

पॉवरटॉप रूटने उघडा, आयडल स्टॅट्सच्या पानावर जा. तिथे कोअरचा रकाना आणि पॅकेजचा रकाना वेगळा आहे. चार्जर काढून, माऊसला हात न लावता थोडा वेळ थांबा आणि दोन्हीकडे कुठल्या सी-स्टेटला, म्हणजे झोपेच्या पायरीला, किती टक्के आहेत ते सांगा, आकडा मोठा तेवढी झोप खोल.

रानपाखरू
कोअरचे रकाने सगळे सी७ ला नव्वदच्या वर. पॅकेज मात्र सी२ ला थोडं, सी३ ला थोडं, त्याच्या खाली सी६, सी७, सी८ सगळीकडे शून्य.

बिनतारी
सापडलं. कोअर झोपतायत पण पॅकेज झोपत नाहीये. पॅकेज म्हणजे कोअर सोडून बाकीचं सगळं, मेमरी कंट्रोलर, कॅश, पीसीआयचे दुवे. घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय दाराला कडी लावता येत नाही तसं एकसुद्धा उपकरण जागं असेल तर पॅकेजला खाली उतरता येत नाही. आणि तुमच्याकडे जागं कोण असणार तर बहुतेक ते एमएक्स१५०. ते पास्कल पिढीचं आहे आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये कार्ड गरज नसताना पूर्ण बंद करायची सोय त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीपासून पुढे आहे. म्हणजे तुम्ही एनव्हिडियाच्या ऑन-डिमांड मोडवर असाल (तो गव्हर्नर नव्हे) तर कार्ड वापरात नसलं तरी वीज घेत बसतं, वर पॅकेजलाही अडवून धरतं.

कुठलं ग्राफिक्स वापरायचं ते ठरवणाऱ्या प्राइम-सिलेक्ट कमांडला इंटेल सांगा, रीबूट करा, परत तेच पान बघा. ज्यांच्याकडे गेमिंग लॅपटॉप आहेत त्यांनी सावध, काहींवर एचडीएमआय पोर्टच एनव्हिडियाला जोडलेलं असतं, कार्ड बंद केलं की बाहेरचा मॉनिटर जातो.

सुई_दोरा
मध्येच विचारते, माफ करा. माझा लॅपटॉप अचानक ४०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. काही केलं तरी ४००. गव्हर्नर परफॉर्मन्स करून बघितलं, लाइव्ह यूएसबीवरून दुसरं लिनक्स लावलं, तेच. टायपिंग पण अडकत अडकत होतं. चार्जरची वायर तुटली म्हणून बाजारातून साधा चार्जर आणला त्यानंतर झालंय असं वाटतंय.

बिनतारी
ताई, तुमचा संशय बरोबर आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जरच्या पिनमधून मदरबोर्डला ओळख जाते की हा किती वॅटचा आहे. ओळख पटली नाही तर बोर्ड प्रोसेसरला प्रोचॉटची खूण पाठवतं, म्हणजे 'मी तापलोय, हळू हो' अशी, जरी तापलेलं काही नसलं तरी. ती खूण असेपर्यंत प्रोसेसर ४०० किंवा ८०० ला बसतो आणि कुठलाही गव्हर्नर, कुठलीही डिस्ट्रो तिथे काही करू शकत नाही. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. स्पीड परत आला तर नक्की तेच.

नेटवर एमएसआर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सेटिंगच्या रजिस्टरमधला एक बिट शून्य करून ती खूण दुर्लक्षित करायची युक्ती मिळेल. चालते, पण कमी ताकदीच्या चार्जरवर पूर्ण लोड टाकला तर चार्जर तापतो, आणि खरंच कधी बोर्ड तापलं तर सांगायला कोणी उरत नाही. मी करू नका म्हणेन. योग्य वॅटचा, ओळख देणारा चार्जर घ्या.

सुई_दोरा
बॅटरीवर लगेच ठीक झालं! किती दिवस लिनक्सलाच दोष देत होतो आम्ही घरात सगळे. शेजाऱ्यांकडून त्याच मॉडेलचा चार्जर आणून लावला, त्याच्यावर पण व्यवस्थित. मनापासून आभार.

रानपाखरू
काका!!! साडेपाच वॅट! पॅकेज आता सी८ ला सत्तरच्या वर दाखवतंय. स्क्रीन अर्ध्या ब्राइटनेसवर, वायफाय चालू. ब्राउझरमध्ये वाचत बसले तर सात-आठच्या आसपास. ४८ भागिले साडेसात म्हणजे सहा तासांच्या वर. हे मशीन विकायला काढलं होतं मी.

कोयनाकाठ
एएमडीवाल्यांचं पण बघा कोणीतरी. रायझन ५ ५६००यू, उबुंटू २२.०४. माझ्याकडे एसीपीआय-सीपीयूफ्रेक दिसतो आणि स्पीडच्या फक्त तीन पायऱ्या. ईपीपीची फाइलच नाही.

बिनतारी
तुमचा कर्नल ५.१५ असणार. एएमडी-पीस्टेट ड्रायव्हर आला ५.१७ मध्ये, त्याचा ईपीपीवाला ॲक्टिव्ह मोड ६.३ मध्ये, आणि ६.५ पासून तोच मोड डिफॉल्ट. २२.०४ वरच राहायचं असेल तर एचडब्ल्यूई कर्नल, म्हणजे जुन्या उबुंटूसाठी दिलेला नवा कर्नल टाका, त्यात ६.८ मिळतो. त्यानंतरही एसीपीआयवालाच दिसला तर बायोसमध्ये सीपीपीसी नावाचा पर्याय बंद आहे का बघा, त्याच्याशिवाय हा ड्रायव्हर उभाच राहत नाही. टर्बोची फाइल तुमच्याकडे वेगळी, सीपीयूफ्रेक फोल्डरमध्ये बूस्ट नावाची, आणि तिथे उलटं आहे: १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. इंटेलच्या सूचना डोळे मिटून कॉपी करू नका.

रानपाखरू
शेवटचा प्रश्न. झाकण बंद करून बॅगेत ठेवला की सकाळपर्यंत वीसएक टक्के जातात. हे पण प्रोसेसरचंच का?

बिनतारी
मेम-स्लीप नावाची फाइल वाचा. चौकोनी कंसात एस-टू-आयडल असेल तर मशीन खरं झोपत नाही, फक्त खूप रिकामं बसतं, आणि तिथेही तोच पॅकेजचा नियम, एक उपकरण जागं तर सगळं जागं. यादीत डीप, म्हणजे खरी झोप, दिसत असेल तर ग्रब ह्या बूटलोडरमध्ये मेम-स्लीप-डिफॉल्ट बरोबर डीप असं टाका, ग्रब अपडेट करा. आठव्या पिढीवर बहुतेक मिळतं. नव्या मशीनवर कंपन्यांनी तो पर्याय फर्मवेअरमधूनच काढलेला असतो, तिथे हायबरनेट लावणं बरं. आता एनव्हिडिया बंद आहे तेव्हा आधी एक रात्र तसंच ठेवून बघा, कदाचित डीपची गरजही लागणार नाही.

कोयनाकाठ
एचडब्ल्यूई टाकला, ६.८ वर आलो. पहिल्यांदा जुनाच ड्रायव्हर आला, बायोसमध्ये सीपीपीसी खरंच बंद होतं. चालू केल्यावर एएमडी-पीस्टेट-ईपीपी दिसतोय आणि तीन पायऱ्यांच्या जागी स्पीड ४०० मेगाहर्ट्झपासून सरळ वर चढतो-उतरतो. बॅलन्स-पॉवर ठेवलंय. वॅट उद्या बॅटरीवर मोजून इथेच टाकतो.